अक्षर मागे झुकतं म्हणून लेक आतल्या गाठीचा?

सप्रेम नमस्कार. आम्ही भांडुपला राहतो. मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत, इंग्रजी माध्यमात. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणारं शिबिर झालं. मुलांना कोऱ्या कागदावर इंग्रजीत 'माझ्याविषयी' दहा ओळी लिहून खाली सही करायला सांगितली आणि मागच्या बाजूला घर, झाड, माणूस काढायला लावलं. आठवड्याने चार पानांचा रिपोर्ट आला. अक्षर डावीकडे झुकतं, म्हणजे मुलगा आतल्या गाठीचा, भावना दाबणारा. 'टी'ची आडवी रेघ खाली, म्हणजे आत्मविश्वास कमी. चित्र सगळं काळ्या रंगात, म्हणजे मनात भीती. माणसाचे हात पाठीमागे, म्हणजे याला मदत मागता येत नाही. उपाय म्हणून अक्षर बदलण्याचा तीन महिन्यांचा कोर्स, फी १२,००० रुपये. मिस्टर म्हणतात, पैसे पाण्यात जातील. सासूबाई म्हणतात, सगळं खरं लिहिलंय, पोरगं घुमंच आहे. मला तर वाचताना काटा आला, इतकं ते जुळत होतं. तो डावखुरा आहे. चित्रं छान काढतो, सारख्या लोकल काढत असतो. हल्ली काही विचारलं की 'काही नाही' एवढंच म्हणतो. रिपोर्ट खरा मानू का? कोर्स लावू का? त्याच्या दोन वह्यांच्या पानांचे आणि शिबिरातल्या कागदाचे फोटो सोबत पाठवते.
— एक आई, भांडुप

ताई, नमस्कार.

कोर्स लावू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण फी भरायची मुदत जवळ आली असेल. बाकीचं घरातली कामं आटोपल्यावर निवांत वाचा.

फोटो मी मोठे करून दोन-तीनदा पाहिले. इंग्रजीच्या वहीतलं अक्षर खरंच डावीकडे झुकलेलं आहे, पण किती सारखं झुकलंय ते पाहिलंत का? पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच कलाने. आणि ओळींवरून फिकट राखाडी डाग ओढला गेलाय. ओल्या शाईवरून तळहाताची कड फिरली की उमटतो तसा. आता मराठीची वही शेजारी ठेवा. दोन्ही पानांवर तारीख एकच आहे. मुलगा तोच, हात तोच. पण मराठीतला 'क', 'म', 'ल' शिरोरेषेला टांगल्यासारखे सरळ उभे! इथे तो सावकाश लिहितो, एकेक अक्षर सुटं काढतो. इंग्रजी जोडून आणि भरभर लिहितो. अक्षराच्या कलावरून जर स्वभाव कळत असेल, तर तुमचा लेक इंग्रजीच्या तासाला आतल्या गाठीचा आणि मराठीच्या तासाला मोकळा, असं म्हणावं लागेल.

तो डावखुरा आहे हे तुम्ही शेवटी-शेवटी, जाता जाता लिहिलंत. मी ते आधी घेते. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते. उजव्या हाताने लिहिणारा पेन ओढत नेतो, डावखुरा ढकलत नेतो, आणि नुकतं लिहिलेलं त्याच्याच हाताखाली झाकलं जातं. म्हणून बरेच डावखुरे वही तिरकी ठेवतात, वरची कड उजवीकडे कलती, आणि रेघा स्वतःच्या अंगाकडे ओढतात. वही सरळ केली की त्याच रेघा डावीकडे झुकलेल्या दिसतात. तुम्ही उजव्या हाताने लिहीत असाल तर आत्ता करून पाहा. वही डावीकडे चांगली कलती ठेवा, अंगाच्या दिशेने दहा उभ्या रेघा ओढा आणि वही सरळ करा. रेघा उजवीकडे झुकलेल्या दिसतील. दोन मिनिटांत तुमचा स्वभाव काही बदललेला नसतो. बदलला तो फक्त वहीचा कोन.

शिबिरवाल्यांनी मुलाला 'तू कुठल्या हाताने लिहितोस' हे विचारलं होतं का? रिपोर्टचा जो मजकूर तुम्ही उतरवून पाठवलात, त्यात डावखुरा हा शब्दच कुठे नाही. मला सगळ्यात जास्त राग आला तो याचा. अकरा वर्षांच्या पोराला 'भावना दाबणारा' म्हणायचं आणि तो कुठल्या हाताने लिहितो एवढंही विचारायचं नाही!

आता 'टी'च्या रेघेबद्दल. हे शास्त्र म्हणून जे सांगितलं जातं, ते युरोपात घडलं. इटलीत कामिल्लो बाल्दी नावाच्या विद्वानाने १६२२ मध्ये पत्रावरून लिहिणाऱ्याचा स्वभाव कसा ओळखावा यावर पुस्तक लिहिलं. 'ग्राफॉलॉजी' हे नाव रूढ केलं ते मिशों या फ्रेंच पाद्र्याने, १८७० च्या दशकात. अमुक वळण म्हणजे तमुक गुण, अशी कोष्टकंच त्याने मांडली. ती सगळी रोमन अक्षरांवर बेतलेली. 'टी'ची दांडी, 'आय'वरचा टिंब, 'जी' आणि 'वाय'ची शेपटी. आपल्याकडे ना दांडीचा 'टी', ना टिंबाचा 'आय'. तुमच्या मुलाने शिबिरात मराठीत लिहिलं असतं तर आत्मविश्वास कुठे मोजला असता? शिरोरेषेत? आपल्याकडे मोडी लिहिणारे कारकून तर शिरोरेषा आधी पानभर आखून घ्यायचे आणि मग तिला अक्षरं टांगायचे. म्हणजे सगळ्या पेशवाई दफ्तराची रेघ सारखीच, आणि माणसं मात्र हरतऱ्हेची.

आपल्या परंपरेत अक्षराचा विचार नव्हता असं नाही. दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं, पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत असावं, हे रामदासांनी सांगितलंय. शाई, टाक, कागद यांबद्दलही सांगितलंय. सगळा भर अक्षर घटवण्यावर, म्हणजे सरावावर. अक्षर ही कमवायची गोष्ट आहे असंच आपले जुने लोक मानायचे, आणि म्हणून आपण मुलांना कित्ता गिरवायला लावतो. गिरवून जे बदलतं, ते वळण. स्वभाव असा गिरवून बदलत नाही, आणि अक्षर बदललं की माणूस बदलतो हा जो दावा कोर्सवाले करतात, त्याला आधार नाही.

या सगळ्याची तपासणी कुणी केली नाही असंही नाही. बुद्धिमापन चाचण्यांचा पाया घालणारे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हस्ताक्षरतज्ज्ञांची परीक्षा घेतली होती. पुढे १९८९ मध्ये नेटर आणि बेन-शाखर या इस्रायली अभ्यासकांनी तोवरचे १७ अभ्यास एकत्र करून पाहिले. कसलंही प्रशिक्षण नसलेल्या लोकांपेक्षा हस्ताक्षरतज्ज्ञांचे अंदाज सरस निघाले नाहीत. आणि जे थोडेफार जुळले, ते बहुतेक मजकुरामुळे. माणूस स्वतःबद्दल लिहितो तेव्हा सांगण्यासारखं सगळं त्याने शब्दांतच सांगितलेलं असतं. अक्षराच्या वळणात काही शोधायची गरज उरत नाही.

आता शिबिरातला कागद परत पाहा. चौथी ओळ. 'आय डोन्ट लाइक क्राउड.' सातवी ओळ. 'आय हॅव वन बेस्ट फ्रेंड.' ताई, त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय की मला गर्दी आवडत नाही आणि माझा एकच जिवलग मित्र आहे. 'हा मुलगा चारचौघांत मिसळत नाही' हे सांगायला 'टी'ची दांडी कशाला हवी? वाचता येणारा कुणीही हे सांगेल. त्यात काळजी करण्यासारखंही मला काही दिसत नाही. सकाळी भांडुप स्टेशनवर उभ्या राहणाऱ्या कुणाला गर्दी आवडते?

तुम्ही लिहिलंत, 'इतकं ते जुळत होतं की काटा आला.' हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण फसल्याची लाज वाटून तुम्ही स्वतःला दोष द्याल. तसं करू नका. हे सगळ्यांचं होतं. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला त्याचं वर्णन दिलं. हे तुम्हाला कितपत लागू पडतं, पाचपैकी गुण द्या, असं सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातली वाक्यं राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेली. 'वरून शिस्तीत दिसता, पण आतून धास्तावता' या छापाची. असं वाक्य कुणालाही स्वतःचं वाटतं. तुमचा रिपोर्ट शेजारच्या मुलाच्या रिपोर्टशी जुळवून पाहा, त्या आईची हरकत नसेल तर. निम्म्या ओळी तरी सारख्या निघतील असा माझा अंदाज आहे.

चित्राचंही असंच आहे. मुलांच्या चित्रांचा अभ्यास गंभीर लोकांनी केलाय हे खरं. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये माणसाचं चित्र काढून घेऊन मुलाची बौद्धिक वाढ पाहण्याची चाचणी केली. त्यांचं साधं तत्त्व होतं, मूल वाढतं तसे चित्रात तपशील वाढतात. १९४८-४९ च्या सुमाराला मात्र पुढची पायरी घेतली गेली, बक यांची घर-झाड-माणूस चाचणी आणि माचोवर यांचं माणसाच्या चित्रावरून स्वभाव वाचणं. तुमच्या शिबिरात जे काढून घेतलं, त्याचं मूळ इथे आहे. मग १९६७ मध्ये लोरेन आणि जीन चॅपमन या दांपत्याने एक प्रयोग केला, आणि मी शिकत असताना तो वाचला तेव्हा मला माझ्याच नजरेची भीती वाटली होती. त्यांनी माणसाची चित्रं घेतली, प्रत्येक चित्रावर 'हा संशयी आहे', 'याला आपल्या बुद्धीची शंका आहे' अशा चिठ्ठ्या लावल्या. कुठलीही चिठ्ठी कुठेही, चित्राशी तिचा काही संबंध नाही. कॉलेजच्या मुलांना ती दाखवून विचारलं, काय दिसतं? मुलं म्हणाली, संशयी माणसं डोळे मोठे काढतात. बुद्धीची चिंता असलेले डोकं मोठं काढतात. अनुभवी तज्ज्ञही नेमकं हेच म्हणत असत. पण त्या चित्रांत असं काही नव्हतंच. डोळे आणि संशय यांची जोडी आधीच डोक्यात असते, मग ती कागदावर दिसायला लागते.

पाठीमागच्या हातांचंही तसंच समजा. 'मदत मागता येत नाही' हे वाचल्यावर तुम्हाला ते हात बांधल्यासारखे दिसू लागले असतील. मला विचाराल तर हात काढणं हे चित्रकलेतलं अवघड काम आहे. पाच बोटं, त्यांची लांबी, अंगठ्याचा कोन. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणारी मुलं स्मरणचित्रात माणसं काढताना हात खिशात घालतात, पिशवीमागे लपवतात, पाठीशी नेतात. तुमच्या लेकाचं बाकीचं चित्र नीट आहे, शर्टाच्या गुंड्यासुद्धा मोजून काढल्यात. ज्याला हात नीट जमत नाहीत हे कळतं आणि बिघडवायचे नसतात, असा मुलगा मला तिथे दिसतो. पण हेही माझं वाचनच झालं, ताई. खरं काय ते त्यालाच ठाऊक. त्याला विचारलं तर तो सांगेल.

काळ्या रंगाबद्दलही तेच. कागद शिबिरवाल्यांचा होता, तर पेन किंवा स्केचपेनही त्यांनीच दिलं असेल. किती रंग ठेवले होते, की समोर होतं त्याने काढलं, हे आधी विचारायला हवं.

अक्षरातून काहीच कळत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. कळतं, पण वेगळंच काही. हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षांत शिकले. परळ भागातल्या एका शाळेत शिकवत होते. सातवीतल्या एका मुलीच्या वहीत एक ओळ नीट, तर पुढची वेडीवाकडी, अक्षरं मध्येच उडालेली, पानांना ओलसर डाग. मी शेरा मारला, 'निष्काळजीपणा. अक्षर सुधार.' तीनदा मारला. चौथ्यांदा तिच्या आईला बोलावलं. ती बाई दादरच्या फूलबाजारात पहाटेपासून फुलं विकायची आणि मुलगी तिच्या शेजारी उलट्या क्रेटवर वही ठेवून अभ्यास करायची. गिऱ्हाईक आलं की क्रेट सरकवायचा, पुडी बांधायची, परत लिहायचं. ओले डाग झेंडूवर मारलेल्या पाण्याचे होते. त्या अक्षरात मुलीचा स्वभाव नव्हता, तिची बसायची जागा होती. मी तिला वाचनालयात बसायची सोय करून दिली नाही की काही मोठं केलं नाही. मधल्या सुट्टीत वर्गात बसून गृहपाठ करायची परवानगी दिली, एवढंच. पंधरा दिवसांत वही बदलली. माझा तो शेरा मात्र तिच्या वहीत तसाच राहिला. तो खोडून द्यायचं मला तेव्हा सुचलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

अक्षरातून शरीर कळतं. पार्किन्सनच्या आजारात अक्षर हळूहळू बारीक होत जातं, ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढं, आणि डॉक्टर त्याकडे लक्ष देतात. थकवा कळतो, घाई कळते. अक्षर कुणाचं आहे हेही कळू शकतं. मृत्युपत्रावरची किंवा चेकवरची सही खरी की बनावट, यावर न्यायालय तज्ज्ञाचं मत घेतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ४५ त्यासाठी होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ३९ आहे. पुष्कळदा लोक याच्यावरून गोंधळतात, 'कोर्टसुद्धा मानतं' असं म्हणतात. कोर्ट विचारतं ते 'हे कुणी लिहिलं'. 'लिहिणारा भित्रा आहे का' असं कुठलं कोर्ट हस्ताक्षरतज्ज्ञाला विचारत नाही.

ताई, आता माझ्या मनात जे सलतंय ते. 'हल्ली काही विचारलं की काही नाही म्हणतो.' हे हल्ली म्हणजे कधीपासून? रिपोर्ट यायच्या आधीपासून की नंतर? आठवून पाहा. तो रिपोर्ट घरात मोठ्याने वाचला गेला का? सासूबाई 'घुमंच आहे' म्हणाल्या तेव्हा तो कुठे होता? तुमचं घर मी पाहिलेलं नाही, पण मुंबईतल्या घरात बाहेरच्या खोलीतलं बोलणं आतल्या खोलीत ऐकू जात नाही असं सहसा होत नाही. आपण काढलेल्या चित्रावरून, आपल्या सहीवरून मोठी माणसं काय काय ठरवतात हे ज्याने ऐकलं, तो यापुढे बोलताना जपूनच बोलेल. मीही तेच केलं असतं.

आणि तुमचं विचारणं बदललंय का, तेही पाहा. आधी 'डब्यात काय उरलं' विचारत असाल, आता 'तुला कसली भीती वाटते का रे' असं विचारत असाल. मुलाला तो फरक लगेच कळतो.

म्हणून त्याच्याशी एकदा सरळ बोला. 'त्या रिपोर्टमध्ये तुझ्याबद्दल जे लिहिलं होतं ते आम्हाला पटलेलं नाही. तुला न विचारता आम्ही ते वाचत बसलो, ते चुकलं.' एवढंच. वर उपदेश नको, मिठी हवी असेल तर तो देईल. सासूबाईंनाही सांगा, पण वाद घालून नको. त्यांना दोन्ही वह्या शेजारी ठेवून दाखवा, मराठीतलं सरळ आणि इंग्रजीतलं कललेलं. आपल्या नातवाचं मराठी अक्षर असं मोत्यासारखं आहे हे त्यांना कदाचित माहीतही नसेल.

बोलतं करायचं तर समोर बसवून विचारू नका. मुलं शेजारी बसून, हातात काहीतरी काम असताना बोलतात. तो लोकल काढतो ना? रविवारी त्याला घेऊन भांडुप स्टेशनच्या पुलावर उभ्या राहा. खालून न थांबता धडाडत जाणाऱ्या फास्ट गाड्या पाहू द्या. डबे किती, मोटरमनची केबिन कशी, पेंटोग्राफ तारेला कुठे टेकतो, हे त्याला विचारा. तुम्हाला येत नसेल तर फारच उत्तम, तो शिकवेल. घरी आल्यावर चित्र काढलं तर 'हे काळं का' असं म्हणू नका. 'यात काय चाललंय, सांग ना' म्हणा आणि गप्प राहा. मुलांबरोबर काम करणारे समुपदेशक चित्रं काढून घेतात ती याचसाठी. चित्र समोर असलं की मुलाला बोलायला सोपं जातं. समुपदेशक ऐकतो ते त्याचं बोलणं.

काळजी कधी करायची, तेही सांगते. तो जेवेनासा झाला, झोप उडाली, शाळेच्या नावाने सकाळी पोट दुखू लागलं, त्या एका मित्रालाही टाळू लागला, लोकल काढणंच बंद केलं, किंवा 'मी नसतो तर बरं' असं काही बोलला, तर थांबू नका. केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मुलांना मानसोपचार विभागात दाखवता येतं. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ या नंबरवर फोन करून मराठीतही बोलता येतं. तिथे त्याच्याशी बोलतील, तुमच्याशी बोलतील, शाळेत काय चाललंय विचारतील. कागद बघून निकाल देणार नाहीत.

राहता राहिलं अक्षर. ते सुधारायला हरकत नाही, कारण पेपर तपासणाऱ्याला ते वाचता आलं पाहिजे आणि सुवाच्य उत्तराला नकळत चार गुण जास्त पडतात. त्याला वही अंगाच्या मध्यापासून थोडी डावीकडे आणि वरची कड उजवीकडे कलती ठेवू द्या. पेन टोकापासून तीनेक सेंटिमीटर वर धरायला सांगा, म्हणजे लिहिलेलं दिसेल आणि मनगट वाकडं करावं लागणार नाही. जेल पेन बंद करून लवकर वाळणारं बॉलपेन द्या, ते राखाडी डाग जातील. आणि वर्गशिक्षिकेला सांगून बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवा. आत्ता तो उजव्या बाजूला बसत असेल तर शेजाऱ्याचं आणि त्याचं कोपर दिवसभर एकमेकांना लागत असणार. अक्षर डावीकडे झुकलेलंच राहील. राहू द्या. सारखं आहे, वाचता येतं.

फोटोंवरून मला लिहिण्याची मोठी अडचण दिसली नाही. पण पाच ओळी लिहिल्या की हात दुखतो, फळ्यावरचं उतरवणं पुरं होत नाही, तोंडी सगळं येतं पण लिहिताना अक्षरं गळतात, असं काही असेल तर ती डिस्ग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अध्ययन अक्षमता, असू शकते. त्याची तपासणी महापालिकेच्या याच मोठ्या रुग्णालयांत होते. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही धरलेली आहे आणि प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. त्यातही स्वभावाचा काही प्रश्न नसतो.

रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवू का, असं तुम्ही पाकिटावर वेगळं लिहिलं होतंत. नको. पण तो कागद, ज्याच्या मागे त्याने घर, झाड आणि माणूस काढलाय, तो शिबिरवाल्यांकडेच राहिला असेल तर मागून घ्या. फोटो नको, मूळ कागद. ते चित्र तुमच्या लेकाचं आहे, त्याला परत द्या.